विंग, बॅकप्लेट आणि ११ इंच : मालवणातल्या पावसाळी प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या. किल्ल्याकडची ये-जा बंद, स्कुबा बंद. ऑगस्ट संपेपर्यंत पाण्यात जायचं नाही, म्हणून दोन वर्षं माळ्यावर पडलेलं सामान खाली काढलं. दादा (माझा मावसभाऊ), वहिनी आणि मी, तिघंही गाइड म्हणून काम करतो. तिघांनाही जॅकेट बीसीडी (हवा भरून पाण्यातलं तरंगणं सांभाळायचं जॅकेट) सोडून विंगवर, म्हणजे फक्त पाठीमागे असणाऱ्या हवेच्या पिशवीवर, यायचं आहे. नव्या तीन संचांचे पैसे नाहीत, त्यामुळे जे आहे त्यातून जमवायचं.

सामान असं : एक गोल विंग, एका सिलिंडरसाठीची, लिफ्ट (उचलायची ताकद) १४ किलो, जवळजवळ नवी. दुसरी घोड्याच्या नालेसारखी, जोड सिलिंडरसाठी बनवलेली, २५ किलोची, गोव्यात सेकंडहॅंड मिळालेली. एक मऊ हार्नेस, पाठीला गादी, खांद्याला प्लास्टिकची बकलं. आणि एक जुनी प्लास्टिकची पाठपाटी, गळ्यात घालायच्या फुग्याच्या जमान्यातली, मध्ये सिलिंडरसाठी एकच पट्टा. बॅकप्लेट, म्हणजे विंग आणि पट्टे जिला जोडतात ती पाठीवरची धातूची प्लेट, एकही नाही.

आजच एक नियम ठरवून भिंतीवर खडूने लिहिला : विंगला हात लावायचा नाही. भोक पाडायचं नाही, शिवण उसवायची नाही, टाका घालायचा नाही. प्लेट, पट्टे, बोल्ट, सगळं विंगच्या मापाने बदलायचं. विंगच्या आत हवेची पिशवी असते आणि ती बाहेरच्या कापडाच्या नक्की किती आत आहे हे डोळ्यांना दिसत नाही. सुई कुठे गेली ते पंधरा मीटरवर कळलं तर काय उपयोग?

६ जून

दोन्ही विंग फुगवून रात्रभर ठेवल्या. गोल विंग सकाळी तशीच टणक. नालेची विंग थोडी सैल पडली होती. साबणाचं पाणी लावल्यावर खालच्या डंप व्हॉल्व्हशी (हवा सोडायच्या झडपेशी) बुडबुडे. व्हॉल्व्ह उघडला तर रबरी सीलवर मिठाचे खडे. गोड्या पाण्याने धुऊन परत बसवला, आता हवा धरते. पिशवी आतूनही दोनदा धुतली. पहिल्या पाण्याला चव खारट होती, म्हणजे आधीच्या मालकाने आतून कधी धुतलीच नसावी.

इन्फ्लेटरला (विंगमध्ये हवा भरायच्या यंत्रणेला) हात लावला नाही. तो दुरुस्तीवाल्याचा विषय.

९ जून

मापं घेण्याचा दिवस. दोन्ही विंगच्या मधल्या पट्टीवर धातूच्या रिंगा बसवलेली भोकं आहेत. केंद्र ते केंद्र अंतर : दोन्हींवर ११ इंच, म्हणजे २७९.४ मिलिमीटर. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे देश, अंतर तेच. कारण जुनं आहे. फ्लोरिडात पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हरांनी १९७०च्या दशकात धातूची प्लेट पाठीला बांधायला सुरुवात केली, जोड सिलिंडर एकत्र धरणाऱ्या कड्यांचे बोल्ट या प्लेटमधून जात, आणि ते अंतर तिथून पुढे सगळ्यांनी धरलं. प्लेट, विंग, अॅडॅप्टर कुणाचंही असो, हे एक माप जुळतं म्हणून बाकीच्या गोष्टी हव्या तशा बदलता येतात.

गोल विंगवर या भोकांशिवाय चार उभ्या खाचाही आहेत. सिलिंडरचे पट्टे प्लेटमधून आणि विंगमधून थेट ओवता येतील, मध्ये अॅडॅप्टर लागणार नाही. नालेच्या विंगला खाचा नाहीत. ती एका सिलिंडरवर लावायची तर मध्ये सिंगल टॅंक अॅडॅप्टर (एकटा सिलिंडर बसवायचा जोडतुकडा) हवाच.

प्लास्टिकच्या पाठपाटीवर ११ इंचांवर काहीच नाही. मऊ हार्नेसवर दोन रिंगा आहेत, अंतर बरोबर.

१३ जून

पाठपाटीचा निकाल आज लागला. दादाचं म्हणणं होतं की प्लास्टिक जाड आहे, दोन भोकं पाडली आणि मागून अॅल्युमिनियमची पट्टी दिली की झालं. पाटीला सिलिंडरच्या गोलाईची खाच आहे. ती खाच सिलिंडर थेट टेकावा म्हणून दिलेली. मध्ये विंग आली की सिलिंडर त्या खाचेत बसत नाही, कापडावर डुलतो. तरी करून पाहिलं. भोकं पाडली, पट्टी दिली, पडवीच्या वाशाला पाटी टांगली आणि खाली भरलेला सिलिंडर बांधून हलवत राहिलो. वरच्या भोकापासून एक केसासारखी चीर निघाली आणि बघता बघता कडेपर्यंत गेली. इतकी वर्षं उन्हात आणि खारात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होणारच. वर माडाच्या रोपाला आडोसा म्हणून ती पाटी कामी येईल, वहिनीने नेली पण.

हे सगळं जमिनीवर झालं हे बरं.

१७ जून

बॅकप्लेटचं रेखाटन. यात वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

साधारण प्लेट ३८ सेंटिमीटर उंच, २७ रुंद, ३ मिलिमीटर जाड. मध्ये उभा उंचवटा, पाठीच्या कण्याला जागा देणारा, सिलिंडरच्या बाजूला फुगलेला. ११ इंचांची दोन भोकं या उंचवट्याच्या माथ्यावर, उभ्या रेषेत. वर खांद्याच्या पट्ट्यासाठी दोन खाचा, मानेकडे झुकलेल्या तिरक्या. खाली कमरेसाठी दोन खाचा. तळाला मधोमध एक खाच, जांघेतल्या पट्ट्यासाठी. शिवाय सिलिंडरच्या पट्ट्यांसाठी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा, त्या आमच्या गोल विंगच्या खाचांवर बरोबर आल्या पाहिजेत. विंग कागदावर पसरून पेन्सिलीने खाचा उमटवून घेतल्या, कॅटलॉगमधल्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही.

पट्टा ५० मिलिमीटर रुंद. खाच ५३ बाय ७ ठेवली. पट्टा दुपटीने जाईल अशा ठिकाणी ९.

वाकवण्याबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात घेतली. पत्रा वाकवला की आडवी मापं आकसतात, कारण वाकाच्या जागी पत्रा वळणात खर्च होतो. आपले सगळे वाक कण्याला समांतर, उभे आहेत. म्हणून उभं अंतर, म्हणजे ते ११ इंच, सपाट पत्र्यावर जेवढं कापलं तेवढंच वाकवल्यावरही राहणार. डाव्या-उजव्या खाचांमधलं अंतर मात्र बदलणार. ते वर्कशॉपवाल्यांना विचारूनच ठरवायचं, कारण त्यांच्या मशीनचा वाक किती खातो हे त्यांनाच ठाऊक.

२१ जून

कुडाळच्या एमआयडीसीत गेलो. मधल्या रस्त्याला पाणी, दोन तास गेले. वर्कशॉपचे मामा रेखाटन बघून म्हणाले, "२७९.४ कशाक? २८० धरूया ना, सरळ आकडो." धरायला हरकत नव्हती. बोल्ट ८ मिलिमीटरचा, भोक ९ चं, ०.६ चा फरक भोकातच मावतो. तरी खालचं भोक लांबट करून घेतलं, १२ मिलिमीटर उभं. म्हणजे कुठलीही विंग आली तरी बोल्ट तिरका अडकणार नाही.

पत्रा ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा मागितला. मामा ३०४ घ्या म्हणत होते, स्वस्त पडतो. पण ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतो आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे तोच टिकतो. ३०४ ला समुद्रात चहाच्या डागांसारखे डाग पडतात, मग बारीक खड्डे. एकदम मोडत नाही, पण पट्टा जिथे घासतो तिथे खड्डा नको. शेल्फवर ३१६ चा एकच तुकडा होता. बाकीचा कोल्हापूरहून मागवावा लागेल.

पहिली प्लेट दादाच्या मापाची. कटिंग लेझरवर, वाक प्रेसब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर).

२ जुलै

प्लेट आली. वजन २.६ किलो. पत्र्याच्या क्षेत्रफळावरून गणित केलं होतं ते जवळपास जुळलं.

लेझरची कड बोटाला लागण्याइतकी धारदार होती. पट्टा असल्या कडेवर रोज घासला तर एका हंगामात धागे सुटतात. कानसने सगळ्या खाचांच्या कडा मारल्या, मग पाण्याचा सॅंडपेपर. याला प्लेट बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दादा कंटाळून चहा करायला गेला. शेवटी जुना पट्टा प्रत्येक खाचेतून जोर देऊन पुढे-मागे ओढून पाहिला, धागा निघाला नाही, तेव्हा थांबलो.

आमच्या होडीवरचे तांडेलकाका तेवढ्यात आले. प्लेट हातात घेऊन म्हणाले, "पाठीक लोखंडाचो पत्रो बांधून बुडूक जातंस की काय?" मी म्हटलं, "काका, आत्तापर्यंत कमरेला शिसं बांधतच होतो की. ते पाठीवर घेतलं." थोडा विचार करून म्हणाले, "मगे वजन थंयच्या थंयच." तेच तर.

५ जुलै

पट्ट्याची शोधाशोध. हार्नेस म्हणजे एकच अखंड पट्टा, साडेतीन मीटरच्या वर : खालून वर खांद्याच्या खाचेतून पुढे, खांद्यावरून खाली, कमरेच्या खाचेतून पुन्हा पुढे आणि पोटावर बकल. दुसऱ्या बाजूनेही तसंच. त्यावर धातूचे स्लायडर आणि डी आकाराच्या कड्या.

गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा बाजारात सहज मिळतो आणि स्वस्त आहे. स्लायडरमध्ये घालून ओढला तर सरळ सरकतो. तो पातळ आणि मऊ असतो, त्याचं काम अंगावर चोळामोळा न होता झटका घेणं. आपल्याला जाड, ताठ पट्टा हवा, जो स्लायडरच्या दातांत चावला जाईल आणि खांद्यावर उभा राहील, म्हणजे पाण्यात एकट्याने हात घालता येईल. अखेर वजन उचलायच्या स्लिंगा विकणाऱ्याकडे ५० मिलिमीटरचा पॉलिस्टरचा ताठ पट्टा सापडला. नायलॉन भिजला की थोडा ताणतो, पॉलिस्टर कमी ताणतो. कापलेली टोकं तापलेल्या सुरीने वितळवून बंद केली.

सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली. तिचे दोन बोटं रुंदीचे तुकडे पट्ट्याचं मोकळं टोक आणि बॅकअप टॉर्च धरून ठेवतात. हे जगभर चालतं, त्याला मालवणी जुगाड म्हणायची गरज नाही.

११ जुलै

हार्नेस अंगावर बसवला. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचं खरं काम हेच. प्लेट सगळ्यांसारखी असू शकते, पट्टा प्रत्येकाचा वेगळा.

दादाला शर्टावर उभं केलं. मान वाकवली की मागे जे मोठं हाड हाताला लागतं, प्लेटची वरची कड त्याच्या आसपास. खांद्याचा पट्टा इतका सैल की सपाट हात आत सहज फिरतो. घट्ट बांधला की "पक्का" वाटतो, पण मग पाण्याबाहेर काढताना कोपर निघत नाही आणि हात मागे नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही. तोच मोजायचा मापदंड ठेवला : व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. दादाचा पोचत नव्हता, पट्टा तीन बोटं सोडला, मग पोचला.

छातीवरच्या डी कड्या हात अडकणार नाहीत इतक्या उंच. डाव्या कमरेला एक कडी, प्रेशर गेजसाठी. बकल मधोमध नाही, जरा उजवीकडे सरकवलं, कारण मध्ये जांघेतला पट्टा येतो आणि त्याचा फास बकलावर आडवा बसला तर ऐनवेळी एका हाताने उघडत नाही.

जांघेतला पट्टा लोकांना चेष्टेचा विषय वाटतो. दादालाही. पण विंगमध्ये हवा भरली की ती प्लेटला वर डोक्याकडे ढकलते आणि तिला खाली धरून ठेवणारं दुसरं काहीच नाही. पट्टा लावून आणि न लावता वाशाला लोंबकळून दाखवलं, मग चेष्टा थांबली. वजनाचा बेल्ट मात्र याच्या नंतर, वरून बांधायचा. आत अडकला तर टाकायची वेळ येईल तेव्हा टाकता येणार नाही.

१२ जुलै

वहिनीची पाळी. तिची उंची ५ फूट १ इंच. दादाची प्लेट तिच्या पाठीवर धरली तर वरची कड मानेवर आणि खालची बसल्यावर माकडहाडाला. "ही माझी प्लेट नाही, हे माझं ओझं आहे," असं म्हणून तिने ती खाली ठेवली.

तिच्यासाठी आखूड प्लेट करायची. पण किती आखूड? ११ इंच सोडता येत नाहीत, नाहीतर विंग बसणार नाही. म्हणजे २८ सेंटिमीटर तर हवेतच, वर आणि खाली भोकापासून कडेपर्यंत दोन-दोन सेंटिमीटर पत्रा राहिला पाहिजे. ३२ सेंटिमीटरच्या खाली जाता येणार नाही. जांघेची खाच खालच्या भोकाच्या थोडी बाजूला घेऊन ३२.५ वर जमवलं. तिच्या पाठीचं माप घेतलं, बसतं. रुंदीही दीड सेंटिमीटरने कमी केली, खांद्याच्या खाचा जवळ आणल्या.

याच मापाचं रेखाटन मामांना फोटो काढून पाठवलं. त्यांचा निरोप : "बारको पत्रो बारक्या माणसाक. कळला."

१८ जुलै

मऊ हार्नेसचं काय करायचं? नुसता विंगला बोल्टने जोडला तर सगळा भार त्या दोन रिंगांवर येतो आणि कापड ओढलं जातं. पाठीच्या गादीत एक चेन असलेला कप्पा आहे. त्यात ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमची सपाट पट्टी घातली, ११ इंचांवर भोकं पाडून. आता बोल्ट पट्टीला धरतो, कापड फक्त मधे राहतं. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटले आणि वर खारं पाणी मिळालं की अॅल्युमिनियम गळायला लागतं, म्हणून दोघांमध्ये नायलॉनचे वॉशर.

एका बाजूच्या खांद्याचा टाका सैल होता. ताडपत्री शिवणाऱ्यांच्या मशीनवर चौकोन आणि त्यात फुली असा टाका मारून घेतला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या मुलाला सप्टेंबरात डाइव्ह द्यायची कबुली घेतली.

हे हार्नेस माझ्यासाठी. खांद्याची लांबी बकलावर बदलते, म्हणून पाहुण्यांना वापरता येईल का असा विचार आला होता. नाही. पाहुण्यांचं जॅकेटच बरं : पाण्याबाहेर चेहरा वर धरतं, अंगावर पटकन चढतं, दर अर्ध्या तासाला वेगळ्या मापाच्या माणसावर. विंग गाइडसाठी, शिकणाऱ्या गंभीर विद्यार्थ्यांसाठी. सगळं एकाच सामानावर न्यायच्या हट्टापायी लोक दोन्हीकडे वाईट सामान वापरतात.

२४ जुलै

वजनाचं गणित. माझा नेहमीचा सिलिंडर अॅल्युमिनियमचा, ११.१ लिटरचा, २०७ बारचा. भरल्यावर त्यात २२०० लिटरच्या आसपास हवा मावते. लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरले तर अडीच ते पावणेतीन किलो हवा. ती आपण डाइव्हभर श्वासात वापरून सोडतो. म्हणून हा सिलिंडर सुरुवातीला पाऊण किलोभर बुडतो आणि शेवटी जवळजवळ दोन किलो तरंगतो. वजन ठरवायचं ते शेवटच्या स्थितीसाठी, ५ मीटरवर ५० बार उरलेल्या.

जॅकेटवर दादा ५ किलोचा बेल्ट घालायचा. प्लेटचं २.६ किलो वजन पाण्यात २.३ भरतं, कारण फरकाएवढं पाणी ती बाजूला सारते. जॅकेटच्या गाद्यांमध्ये जी हवा अडकते ती गेली, तिथे आणखी अर्धा-पाऊण किलो वाचलं. बेल्टवर २ किलो पुरायला हवं. ते २ किलो मुद्दाम बेल्टवरच ठेवायचे. पाठीची प्लेट टाकून देता येत नाही, बेल्ट देता येतो.

प्लेट अॅल्युमिनियमची केली असती तर? त्याच मापाची ०.९ किलो, पाण्यात अर्धा किलो. विमानातून नेणाऱ्याला ठीक. आम्हाला होडीपर्यंतच न्यायची असते.

आणि लिफ्ट किती लागते? हवेचे पावणेतीन किलो, ३ मिलिमीटरचा सूट खोलीवर दाबला जाऊन जेवढं तरंगणं हरवतो ते एक-दोन किलो. मिळून पाच. पृष्ठभागावर डोकं बाहेर ठेवायला आणखी थोडी. १४ किलोची विंग कोकणच्या कोमट पाण्यात भरपूर आहे. २५ किलोची घेऊन एका सिलिंडरवर काय करायचं?

३० जुलै

तरी करून बघितलं, म्हणजे पुन्हा चर्चा नको. कट्टा गावात वहिनीच्या माहेरी माडाच्या बागेत जांभ्याची जुनी विहीर आहे, पायऱ्यांची. पिण्याला वापरत नाहीत, सध्या पाच मीटर पाणी. वहिनीच्या आईला आधी विचारलं. "माशांक त्रास नको," एवढीच अट.

सगळा संच रहाटाच्या दोरीने खाली सोडला. मध्ये मासळीबाजारातला हुकाचा काटा अडकवला, त्यामुळे पाण्यातलं वजन सरळ वाचता आलं. स्टीलची प्लेट, भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर, पट्टे आणि रिकामी गोल विंग : पावणेपाच किलो. समुद्रात हे अर्ध्या किलोने कमी भरेल, कारण खारं पाणी अडीच टक्के जड. संचासह माणूस धरला तर फरक अडीच किलोपर्यंत जातो. विहिरीत बरोबर बसलेलं वजन समुद्रात कमीच पडणार, ही खूणगाठ.

मग नालेची विंग. सिलिंडरवर थोडी हवा भरली तशी दोन्ही बाजूंच्या कडा वर उचलल्या गेल्या आणि सिलिंडरभोवती आंबोळी दुमडावी तशी दुमडली. हवा कडेच्या टोकांत जाऊन बसली. खालच्या व्हॉल्व्हने सोडायचा प्रयत्न केला तर ती तिथपर्यंत येईना, शरीर वाकडं करून हाकलावी लागली. विंगवर रबरी दोऱ्या आवळून ती आकाराने लहान ठेवायची एक पद्धत आहे. मला मान्य नाही. दोऱ्या हवेला बाहेर ढकलतात, फुटली तर झरझर रिकामी होते आणि तोंडाने फुगवणं अवघड. नालेची विंग जोड सिलिंडर घेईपर्यंत पेटीत. तीन माणसं, एकच योग्य विंग, हा प्रश्न पैशांचा आहे आणि तो हंगामात सुटेल.

१० ऑगस्ट

वहिनीची प्लेट आली. २.१ किलो. कडा मामांनी स्वतःच मारून दिल्या, मागच्या वेळी मी केलेली तक्रार लक्षात ठेवून. हार्नेस संध्याकाळपर्यंत बसवला. व्हॉल्व्हपर्यंत हात पहिल्याच फेरीत पोचला.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. काम बंद. बंदरावर सोन्याचा मुलामा दिलेला नारळ, वाजंत्री, आणि पाऊसही.

२६ ऑगस्ट

बोल्ट. प्लेट ३, विंगचं कापड आणि रिंगा, वॉशर, मग नट. तीस मिलिमीटरचा बोल्ट घातला तर टोक सिलिंडरच्या बाजूला बाहेर येऊन त्याच्या रंगावर घासतं. २५ चा बसला. खाचांतून पट्टे ओवलेली गोल विंग खरं तर बोल्टांशिवायही जागेवर राहते, पण सिलिंडर सोडवल्यावर प्लेट आणि विंग वेगळी पडू नये म्हणून बोल्ट ठेवले. डोकी बुटकी, गोल.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा घट्ट केला की कधी कधी आट्या एकमेकांना चिकटून बसतात, मग कापल्याशिवाय निघत नाही. थोडं ग्रीस लावूनच बसवायचं.

जुने नट-बोल्ट "एसएस" म्हणून घेतलेले, पाण्याच्या बादलीत मिठासह आठवडाभर ठेवले. काहींवर तांबूस डाग आले. ते ३०४ असावेत. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्ही जाती जवळजवळ चुंबकाला दाद देत नाहीत. डाग आलेले वेगळ्या डब्यात, घरकामाला.

२७ सप्टेंबर

तारकर्लीसमोर, वाळूचा तळ, सहा मीटर. पाणी अजून गढूळ, हात लांब केला तर बोटं दिसतात एवढंच. चाचणीला पुरेसं. तांडेलकाका होडीवर.

आधी दादा. बेल्टवर २ किलो घेऊन उतरला. हवा संपत आल्यावर ५ मीटरवर थांबला तर हलकासा वर जात होता. आणखी १ किलो दिलं, स्थिरावला. विहिरीच्या आकड्याने हेच सांगितलं होतं. आडवा पडल्यावर पाय खाली जात होते, म्हणून सिलिंडर पट्ट्यांमध्ये दोन बोटं वर घेतला. मग सरळ राहिला, मांडी न हलवता. सिलिंडरचा पट्टा बांधण्याआधी भिजवायचा हे मात्र प्रत्येक वेळी सांगावं लागतं. तो नायलॉनचा आहे, कोरडा आवळलेला पाण्यात सैल होतो.

वहिनी त्याच गोल विंगवर, आपल्या आखूड प्लेटने. बेल्टवर दीड किलो. प्लेट पाठीवर आहे हे तिला आठवतच नव्हतं असं वर आल्यावर म्हणाली. एकच तक्रार : पृष्ठभागावर विंग पूर्ण फुगवली की तोंड पुढे ढकललं जातं. हा विंगचा स्वभाव आहे, जॅकेटसारखी ती अंगाला चारी बाजूंनी धरत नाही. अर्धीच फुगवायची आणि थोडं मागे रेलायचं. तिने केलं, जमलं.

मी मऊ हार्नेसवर. आतल्या पट्टीने काम केलं, रिंगांवर ओढ दिसली नाही. पण गादी पाण्यातून वर आल्यावर तासभर पाणी गाळत राहते आणि होडी ओली करते, काकांनी दोनदा बोलून दाखवलं.

सगळ्यात मोठा फरक वजनाच्या जागेत. बेल्टवर ५ किलो असताना कंबर खाली ओढली जायची, गाइड उभा लटकायचा आणि पायांनी तळ ढवळायचा. आता वजन फुप्फुसांच्या वरच्या बाजूला, पाठीवर आहे. आडवं राहायला जोर लावावा लागत नाही. पाहुण्याला धरून प्रवाळाच्या वरून जाताना हेच उपयोगाचं.

४ ऑक्टोबर

परत धुतलं, वाळवलं, तपासलं. विंग रात्रभर टणक. दादाच्या डाव्या खांद्याच्या खाचेपाशी पट्ट्याला केस आले आहेत, ती कड पुन्हा घासली. मामांना तिसरी प्लेट सांगितली, माझ्या मापाची, ३१६ चीच, खालचं भोक लांबट. मऊ हार्नेस विकायला काढलंय. दुसरी १४ किलोची विंग मुंबईत कुणाकडे तरी आहे, फोटोत खाचा दिसत नाहीत, म्हणून ११ इंच आणि खाचांची उंची टेप लावून फोटो पाठवायला सांगितलं आहे. उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.